रोमच्या सरहद्दीवरचे अरब राजे: जॉर्डनमधली भटकंती

जॉर्डनला जाणारे बहुतेक जण पेट्रा, वादी रम, मृत समुद्र एवढं करून परत येतात, आणि ते सगळं बघण्यासारखं आहेच. आम्ही मात्र यावेळी ठरवून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे गेलो, कारण मला गस्सानी अरबांच्या खुणा बघायच्या होत्या. गस्सानी म्हणजे कोण ते आधी थोडक्यात सांगतो. सहाव्या शतकात रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलला होती आणि पूर्वेला इराणचे सासानी सम्राट होते. दोघांच्या मधे सीरियाचं वाळवंट, तिथे फौज ठेवणं महाग आणि अवघड. म्हणून दोघांनीही अरब मांडलिक राजे पाळले. इराणकडून हीरा शहरातले लख्मी आणि रोमकडून गस्सानी. गस्सानी मूळचे येमेनचे, अझ्द टोळीतले, मारिबचं धरण ढासळायला लागलं तेव्हा उत्तरेला आले असं अरब परंपरा सांगते. ५०२ च्या सुमारास सम्राट अनास्तासियसशी त्यांचा करार झाला आणि पुढची ऐंशी वर्षं ही सरहद्द जवळपास त्यांच्याच भरवशावर होती. ख्रिश्चन अरब, घोड्यावरचे, कवितेचे शौकीन. इस्लामच्या आधीच्या अरबस्तानातले मोठे कवी त्यांच्या दरबारात येऊन राहायचे.

सोबत माझा मावसभाऊ होता, कुवेतला असतो, पाणीपुरवठ्याच्या कामातला इंजिनियर. त्याला इतिहासात फार रस नाही असं तो म्हणतो पण जिथे तिथे टाकी आणि नाली दिसली की अर्धा तास हलत नाही, आणि या प्रवासात त्याचा मला फार उपयोग झाला.

मंगळवार, अम्मान

सकाळची फ्लाइट, विमानतळावर जॉर्डन पास दाखवून व्हिसा झाला. हा पास घरूनच काढून ठेवावा, उत्तरेकडची बरीच ठिकाणं त्यात येतात, फक्त तीन रात्री राहायला हवं. दुपारी गडावर गेलो, हर्क्युलसच्या देवळाचे खांब, उमय्यद (इस्लामी राज्याचं पहिलं खलिफा घराणं) राजवाडा, बघून झालं. संध्याकाळी खाली बाजारात फलाफल आणि पुदिन्याचा चहा. दादाने पहिलाच प्रश्न टाकला, "तुझ्या या राजांचा राजवाडा नक्की कुठं आहे?"

तर राजवाडा असा नाहीये. राजधानी म्हणावी असं ठिकाण म्हणजे अल-जाबिया, आजच्या सीरियात गोलानच्या पठाराजवळ, आणि ते मुळात छावणीचं ठिकाण, पाणी आणि चराई असलेलं. राजा तिथे तंबूत, आजूबाजूला सैन्य, बायकामुलं, उंट, घोडे. तंबूचे अवशेष दीड हजार वर्षं टिकत नाहीत. म्हणून गस्सानी शोधायचे तर दुसऱ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांत, चर्चच्या जमिनीवर आणि दगडात कोरलेल्या चारदोन ओळींत शोधावे लागतात. मी दादाला म्हटलं, आपण पाणी आणि चर्च यांच्या मागे जायचं, राजवाडा शोधायचाच नाही. पाणी म्हटल्यावर तो लगेच तयार.

बुधवार, हल्लाबात आणि अझरक

सकाळी लवकर निघालो. ड्रायव्हरकाका मफ्रकचे, गप्पिष्ट माणूस, रस्त्यात थांबून झातर लावलेली गरम मनाकिश घेतली आणि गाडीतच खाल्ली. अम्मानच्या ईशान्येला तासाभरात हिरवं संपतं आणि सपाट, फिकट, दगडगोट्यांचा प्रदेश लागतो. त्यात एका टेकाडावर कस्र अल-हल्लाबात.

मुळात हा रोमन किल्ला. सम्राट ट्राजनने आजच्या सीरियातल्या बोस्रापासून अकाबाच्या समुद्रापर्यंत जो रस्ता बांधला, इसवी सन १११ ते ११४ च्या दरम्यान, त्याच्या टापूतली ही चौकी. आधी छोटी, मग वाढवलेली, कोपऱ्यांवर बुरूज. ५२९ साली सम्राट जस्टिनियनच्या काळात दुरुस्ती झाल्याचा शिलालेख इथे मिळालाय. आणि हे ५२९ साल महत्त्वाचं आहे, कारण नेमक्या याच सुमारास जस्टिनियनने गस्सानी प्रमुख अल-हारिस इब्न जबला याला सगळ्या मित्र अरब टोळ्यांच्या वर बसवलं आणि राजाचा दर्जा दिला. रोमन लोक हे सहसा करत नसत. पण समोर लख्मी राजा मुंझिर होता, त्याच सुमारास तो थेट अँटिओकच्या हद्दीपर्यंत लुटालूट करून गेला होता, आणि एकेका टोळीचा वेगवेगळा प्रमुख त्याला पुरा पडत नव्हता. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस हेच कारण देतो. (हाच प्रोकोपियस पुढे ५३१ मधे कॅलिनिकमला इराणींकडून झालेल्या पराभवाचं खापर हारिसच्या अरबांवर फोडतो. हारिस त्या लढाईत ५००० घोडेस्वार घेऊन आला होता. सेनापती होता बेलिसारियस आणि प्रोकोपियस त्याचाच माणूस, तेव्हा मी ते खापर फोडणं काही मान्य करत नाही.)

आता हल्लाबातमधे बघायचं काय तर भिंती. फिकट चुनखडीच्या दगडात मधेमधे काळे बसॉल्टचे चिरे आणि त्यांवर ग्रीक अक्षरं. सम्राट अनास्तासियसचा एक मोठा हुकूम होता, सरहद्दीवरच्या सेनापतींचे पगार, अधिकार, शिस्त वगैरे, तो कुठेतरी जाहीर लावलेला असणार. पुढे ते दगड उतरवून इथे भिंतीत साधे चिरे म्हणून वापरले गेले, ओळी उलटसुलट, एक तुकडा इथे, एक तिथे. शंभराहून जास्त तुकडे मिळालेत. मी खूप वेळ तिथेच उभा राहिलो. सम्राटाचा कायदा, ज्यात सरहद्दीचं सगळं व्यवस्थापन लिहिलंय, तो बांधकामाचा माल झाला, आणि ती व्यवस्था मोडून तिच्या जागी आले ते अरब मांडलिक. स्पॅनिश पथकाने इथे वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्यांच्या पुरातत्त्वज्ञाचं, इग्नासिओ आर्से यांचं म्हणणं असं की सैन्य निघून गेल्यावर सहाव्या शतकात या किल्ल्यात मठ आणि निवासी दालनं झाली आणि ते काम गस्सानींच्या आश्रयाने झालं. नंतर उमय्यदांनी त्यावर मोझेक, गिलावा, बाजूला सुंदर मशीद असं सगळं चढवलं. म्हणजे आज जो वाळवंटातला उमय्यद महाल म्हणून दाखवतात त्याच्या खाली हा सगळा थर आहे.

दादा इकडे टाक्या मोजत होता. किल्ल्याच्या आत टाकी, बाहेर उतारावर आणखी टाक्या, खाली मोठा हौद. तो म्हणाला, "पाऊस इथे चारदोनदाच पडत असेल पण पडला की एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही असं डिझाइन आहे हे." मला ते फार पटलं. सरहद्दीवर ज्याच्या हातात पाणी त्याच्याच हातात टोळ्या, कारण उन्हाळ्यात कोण कुठे कळप घेऊन येणार हे पाण्यावर ठरतं. मठाला देणगी, टाकीची दुरुस्ती, जत्रेला संरक्षण, या मार्गाने गस्सानींचं राज्य चालायचं.

तिथून अझरक. काळ्या दगडाचा किल्ला, रोमन काळाचा पाया, दगडाची दारं अजून बिजागरीवर फिरतात, रखवालदाराने फिरवून दाखवलं. पण अझरकचं महत्त्व किल्ल्याहून जास्त तिथल्या झऱ्यांना. एवढ्या मोठ्या पूर्वेकडच्या वाळवंटात हे एकच कायमचं गोड पाणी होतं, होतं म्हणतोय कारण अम्मानला पुरवठा करण्यासाठी इतका उपसा झाला की १९९२ च्या सुमारास झरे आटले. आता पाणथळीचा छोटासा भाग मुद्दाम पाणी सोडून जिवंत ठेवलाय, तिथे लाकडी वाटेवरून फिरता येतं, म्हशीसुद्धा आहेत. दादा परतीच्या रस्त्यात बराच वेळ गप्प होता, त्याच्या कामाचाच विषय तो.

गुरुवार, उम्म अल-जिमाल

हा दिवस मी सगळ्यात जास्त वाट बघत होतो त्याचा. उम्म अल-जिमाल म्हणजे सीरियाच्या हद्दीपासून दहाएक किलोमीटरवरचं काळं गाव. जुलै २०२४ मधे युनेस्कोच्या वारसा यादीत आलं आणि ती बैठक भरली होती आपल्या नवी दिल्लीत, हे मी ड्रायव्हरकाकांना सांगितल्यावर ते इतके खूश झाले की वाटेत भेटेल त्याला सांगत होते.

सगळं गाव बसॉल्टचं, आपल्या सह्याद्रीतल्या घाटमाथ्यावरच्या वाड्यांचे चिरे असतात ना तसाच दगड, तसाच काळाकरडा, उन्हात तापला की तसाच हात भाजणारा. फरक हा की इथे लाकूडच नाही, म्हणून छतालासुद्धा दगड. भिंतीतून दगडी ब्रॅकेट बाहेर काढायचे, त्यांवर लांब दगडी तुळया आडव्या टाकायच्या. दोनमजली, तीनमजली घरं अशीच उभी आहेत, जिने भिंतीतून बाहेर आलेले, खाली जनावरांचा गोठा, दगडी गव्हाणी एका ओळीत. पंधराच्या आसपास चर्च आहेत, काही दोन घरांच्या मधे दाबून बसवलेली. पाचव्या सहाव्या शतकात गाव भरभराटीला होतं, नंतर साथी, लढाया, आणि ७४९ चा मोठा भूकंप.

इथे मला राजे सापडायला नको होते, त्यांची माणसं हवी होती. कारण या गावातले लोक अरबच. शेकडो थडग्यांच्या दगडांवर अरबी नावं आहेत, लिपी नबातियन (पेट्रा वसवणाऱ्या अरबांची) किंवा ग्रीक. एक दगड तर खास आहे, फिह्र बिन शुल्लै याचा, त्यात तो तनूखचा राजा जधीमा याचा शिक्षक असल्याचं लिहिलंय, ग्रीकमधे आणि नबातियनमधे दोन्हीत. हा तिसऱ्या शतकातला. म्हणजे गस्सानींच्या आधी दोन अडीचशे वर्षं तनूखी अरब, मग सालिह टोळी, मग गस्सानी, अशी ही सरहद्द सांभाळणाऱ्यांची परंपरा. प्रत्येक वेळी रोमला कोणीतरी लागायचं आणि प्रत्येक वेळी काम झालं की शंका यायला लागायची.

बराकीचा उंच बुरूज बघितला, त्यावर देवदूतांची नावं कोरलीयेत. पश्चिमेकडच्या चर्चच्या कमानी अजून उभ्या, कमानींवर क्रॉस. दुपारी सावली शोधत एका घराच्या आत बसलो, दुहेरी खिडक्यांचं ते प्रसिद्ध घर, आणि तिथे बसून मी दादाला हारिसची गोष्ट सांगितली.

हारिस आणि लख्मी मुंझिर, दोघांचं वैर तीन दशकं चाललं. सम्राटांचे तह व्हायचे पण या दोघांचं थांबायचं नाही. पाल्मिराच्या दक्षिणेला स्ट्राटा नावाची चराईची जमीन, त्यावरून भांडण पेटलं ते ५३९ च्या सुमारास, आणि पुढच्याच वर्षी रोम आणि इराणचं मोठं युद्ध सुरू झालं, त्याला हे निमित्त झालं. नंतर एकदा हारिसचा एक मुलगा घोडे चारत असताना मुंझिरच्या हाती सापडला आणि मुंझिरने त्याचा अल-उझ्झा देवीला बळी दिला. ५५४ मधे किन्नसरीनजवळ शेवटची लढाई झाली. मुंझिर मारला गेला. हारिसचा आणखी एक मुलगा, जबला, त्याच लढाईत पडला. अरब परंपरेत या लढाईला हलीमाचा दिवस म्हणतात, हलीमा हारिसची मुलगी, तिने लढायला निघालेल्यांना स्वतःच्या हाताने अत्तर लावलं असं सांगतात. दोन मुलं गेली त्या माणसाची. आणि आपण इतिहासात वाचतो की "सरहद्द सुरक्षित राहिली".

हारिसने तलवारीशिवाय आणखी एक गोष्ट केली आणि तिचा परिणाम आजपर्यंत आहे. सीरियातले बरेच ख्रिश्चन आणि गस्सानी स्वतः, ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल कॅल्सिडॉनच्या सभेने ठरवलेलं मत मानत नव्हते. सरकारी चर्च त्यांना पाखंडी म्हणायचं, त्यांचे बिशप हाकलले गेले होते. ५४२-४३ मधे हारिसने सम्राज्ञी थिओडोराकडे बिशप मागितले आणि तिने दोघांना अभिषेक करवून घेतला, याकूब बुर्दाना आणि थिओडोर. याकूब पुढे फाटक्या कपड्यात, पोलिसांना चुकवत, गावोगाव फिरून पाद्री नेमत राहिला. आजचं सीरियन ऑर्थोडॉक्स चर्च त्यातून उभं राहिलं. केरळमधल्या याकोबी ख्रिश्चनांच्या नावातला याकूब तोच. दादाचे कुवेतमधले निम्मे सहकारी मल्याळी, त्यातले दोघे याकोबी, तो म्हणाला परत गेल्यावर त्यांना हे सांगतो.

उत्तरेला क्षितिजावर सीरियातला जबल अल-अरब निळसर दिसत होता, त्याच्या अलीकडे बोस्रा. बोस्रा या सगळ्या प्रांताची राजधानी. तिथे जायचं होतं पण यावेळी सीमा ओलांडायची नाही असं घरच्यांना सांगून आलो होतो.

शुक्रवार, मदाबा, नित्ल, उम्म अर-रसास

सुट्टीचा दिवस, सकाळी रस्ते मोकळे. मदाबाला सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवरचा तो जगप्रसिद्ध मोझेक नकाशा. तो सहाव्या शतकाच्या मधला, म्हणजे हारिसच्या हयातीतला किंवा जरा पुढचा. यरुशलेमचे खांबांचे रस्ते, जॉर्डन नदीतले मासे खारट समुद्राजवळ येऊन मागे वळणारे, आणि पूर्वेला मोआबच्या माळावर हरणाच्या मागे धावणारा सिंह. त्या माळावर माणसं काढलेली नाहीत. पण माणसं होती, आणि आमचं पुढचं ठिकाण तेच.

मदाबातल्या ख्रिश्चन घराण्यांपैकी अझीझात हे मोठं घराणं, १८८० च्या सुमारास करकहून इथे येऊन वसलं, आणि ते स्वतःला गस्सानींचे वंशज मानतात. जुन्या ओसाड मदाबावर नवी घरं बांधताना पाया खणला आणि मोझेक वर यायला लागले, असं हे शहर जगाला परत कळलं. चहाच्या दुकानात एक आजोबा भेटले, आम्ही गस्सान म्हटल्याबरोबर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि "आम्ही त्यांचेच" म्हणाले. चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत.

नित्ल हे मदाबाच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवरचं साधं गाव. पर्यटक येत नाहीत. इथे फादर मिकेले पिचिरिल्लो यांनी सेंट सर्जियसचं जोड-चर्च खणून काढलं, दोन चर्च एकमेकाला लागून. आणि त्याच्या मोझेकमधल्या ग्रीक ओळींत नावं आहेत: हारिसचा मुलगा हारिस, आणि सालबा, जो फिलार्क म्हणजे टोळीप्रमुख. जॉर्डनच्या माळावर गस्सानी घराण्याच्या इतकं जवळ नेणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. आवाराला कुलूप होतं, शुक्रवार असल्याने चावी मिळाली नाही, तारेबाहेरून पत्र्याची शेड आणि भिंतींचे पाये एवढंच दिसलं. तरी मी आलो याचं मला बरं वाटलं. आजूबाजूला मोकळा माळ, लांब मेंढ्या, वारा. इथे टोळ्या कळप घेऊन यायच्या आणि सर्जियसच्या सणाला जमायच्या, हे जागेवर उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

सर्जियस हा रोमन सैन्यातला हुतात्मा, त्याची कबर उत्तर सीरियात रुसाफाला, आणि अरब टोळ्यांचा तो सगळ्यात लाडका संत. गस्सानींचं राजकारण त्याच्याभोवती फिरतं. हारिस ५६९ मधे वारला. त्याचा दरारा असा होता की सम्राट जस्टिन दुसरा पुढे वेडा झाला तेव्हा त्याला गप्प करायला नोकर "हारिस आला" असं म्हणायचे, अशी गोष्ट तेव्हाच्या इतिहासात लिहून ठेवलीये. हारिसनंतर मुलगा आला, त्याचंही नाव मुंझिर (शत्रूचं आणि याचं नाव एकच, वाचताना गोंधळ होतो, इथून पुढे मुंझिर म्हणजे गस्सानी). त्याने ५७० मधे लख्मींना हरवलं आणि सैन्यासाठी सोनं मागितलं. जस्टिन चिडला. त्याने सेनापती मार्सियनला पत्र पाठवलं की मुंझिरला भेटीला बोलव आणि डोकं उडव, आणि मुंझिरला दुसरं गोड पत्र की मार्सियनला जाऊन भेट. पत्रांची अदलाबदल झाली. स्वतःच्या खुनाचा हुकूम मुंझिरच्याच हातात पडला.

तो बंडाला उठला नाही. आपली माणसं घेऊन वाळवंटात निघून गेला आणि तीन वर्षं सरहद्द उघडी टाकली. लख्मी आणि इराणी आत घुसून लुटत राहिले. शेवटी ५७५ मधे रोमनांना समेट करावा लागला, आणि मुंझिरने अट घातली ती जागेची, सर्जियसच्या कबरीपाशीच बोलेन. तिथे शपथा झाल्या. मग त्याने जाऊन लख्मींची राजधानी हीरा जाळली, पण चर्चना हात लावला नाही. ५८० मधे सम्राट टायबेरियसने त्याला कॉन्स्टँटिनोपलला बोलावून मुकुट दिला.

आणि त्याच वर्षी सगळं फिरलं. मॉरिस नावाचा सेनापती आणि मुंझिर एकत्र इराणच्या राजधानीवर निघाले, वाटेत नदीवरचा पूल शत्रूने आधीच तोडलेला निघाला, मॉरिस म्हणाला याने फितुरी केली. पुढे ५८१ च्या सुमारास हुव्वारीन गावात नवीन चर्चचं उद्घाटन आहे, ये, असं बोलावणं आलं, बोलावणारा मॅग्नस, मुंझिरचा जुना मित्र. मुंझिर विश्वासाने थोड्या माणसांनिशी गेला आणि तिथे त्याला पकडलं. मॉरिस स्वतः सम्राट झाल्यावर मुंझिरची रवानगी सिसिलीला. मुलगा नुमान आणि भाऊ चवताळून उठले, बोस्राला वेढा घातला, जप्त केलेला वडिलांचा माल परत मिळवला. मग नुमान बोलणी करायला राजधानीत गेला आणि त्यालाही अटक झाली. टोळ्यांचा संघ पंधरा प्रमुखांमधे फुटला, काही तर इराणकडे गेले.

मला या गोष्टीचा खरंच राग येतो. ज्याने तीन वर्षं सरहद्द सोडून दाखवून दिलं होतं की आपण नसलो तर काय होतं, त्यालाच देवाच्या दारात बोलावून पकडायचं, आणि तेही अशा वेळी की पुढच्या पन्नास वर्षांत सगळा पूर्व भाग हातातून जाणार. ते फक्त गस्सानींमुळे टिकलं असतं असं मी म्हणत नाही, मधे इराणशी पंचवीस वर्षांचं युद्ध झालं, प्लेगच्या साथी झाल्या. पण टोळ्यांना एकत्र धरून ठेवणारा हात रोमने स्वतःच कापला एवढं मी म्हणणारच.

दुपारी उम्म अर-रसास. युनेस्कोचं ठिकाण, सेंट स्टीफनच्या चर्चमधला शहरांची चित्रं असलेला मोझेक अप्रतिम आहे, तो आठव्या शतकातला, म्हणजे मुसलमानी राज्यात ख्रिश्चन अरबांनी केलेला. जरा लांब एकटा चौकोनी मनोरा, त्यावर बसून तप करणारा साधू राहायचा. रात्री मदाबातच जेवलो, मन्सफ. दह्याच्या रश्श्यातलं मटण आणि भात, एका ताटात तिघांनी.

शनिवार, जेराश

रस्त्यातच म्हणून केलं. रोमन शहर म्हणून अव्वल, चालून पाय दुखतात इतकं मोठं. ५३३ चं कॉस्मस आणि डेमियनचं चर्च वरून बघता येतं, मोझेक जवळजवळ पूर्ण. गस्सानींचं मात्र इथे काही दिसत नाही, शहरं त्यांची नव्हतीच. संध्याकाळी इरबिदला मुक्काम, गरम कनाफे.

रविवार, उम्म कैस

जॉर्डनचं वायव्य टोक. प्राचीन गदारा, काळ्या दगडाचं थिएटर, अष्टकोनी चर्चचे खांब, आणि त्या गच्चीवरून समोर सगळं एकदम दिसतं: डावीकडे खाली तिबेरियाचं सरोवर, समोर गोलानचं पठार, आणि मधे खोल कापत गेलेली यर्मूक नदीची दरी. दरीकाठी लष्करी चौक्या आहेत, फोटो काढताना कुठे काढतोय ते बघून काढावेत.

याच नदीच्या वरच्या अंगाला, दऱ्यांच्या बेचक्यातल्या पठारावर, ऑगस्ट ६३६ मधे यर्मूकची लढाई झाली. एकीकडे खालिद बिन वलीद आणि मुसलमान फौज, दुसरीकडे सम्राट हेराक्लियसची फौज, आर्मेनियन, ग्रीक, आणि ख्रिश्चन अरबांच्या तुकडीच्या पुढे जबला इब्न अल-अयहम, शेवटचा गस्सानी राजा. रोमन फौज दरीच्या कड्यापर्यंत रेटली गेली. दादाने कड्याचा उतार बघून फक्त मान हलवली.

जबलाचं पुढे काय झालं याची अरबांमधे फार आवडती गोष्ट आहे. तो मुसलमान झाला, थाटात मक्केला गेला, तिथे काबाभोवती फिरताना एका साध्या माणसाचा पाय त्याच्या झग्यावर पडला, जबलाने त्याच्या तोंडावर मारलं. खलिफा उमर म्हणाले, एक तर त्याची माफी माग नाहीतर त्यालाही तुला तसंच मारू दे. जबला म्हणाला मी राजा आहे, तो बाजारातला माणूस. उमर म्हणाले इथे दोघं सारखे. जबला रात्रीत निघाला तो कॉन्स्टँटिनोपललाच गेला आणि परत ख्रिश्चन झाला. हस्सान बिन साबित हा कवी, जो तरुणपणी गस्सानींच्या दरबारात होता आणि पुढे पैगंबरांचा कवी झाला, त्याने जुन्या यजमानांची आठवण शेवटपर्यंत काढली.

गोष्ट जशीच्या तशी घडली की नाही हा वेगळा विषय, पण जाबियाचं काय झालं ते पक्कं आहे. यर्मूकनंतर मुसलमान फौजेने छावणी टाकली ती तिथेच, ६३८ च्या सुमारास खुद्द उमर तिथे आले आणि सीरियाच्या कारभाराचे निर्णय तिथे झाले. ६८४ मधे उमय्यदांनी मरवानला खलिफा निवडलं तेही जाबियालाच. दमास्कसच्या एका जुन्या वेशीला आजही बाब अल-जाबिया म्हणतात. पाणी, चराई, टोळ्यांना जमायची सवय, गस्सानींनी शंभर वर्षं घालून तयार केलेलं सगळं नव्या राज्याने जसंच्या तसं उचललं, हल्लाबातचा किल्ला उचलला तसंच.

उतरताना दादाने विचारलं की मग त्या जबलाचा वंश तिकडे कॉन्स्टँटिनोपलला संपला का. मी म्हटलं, ८०२ मधे निकेफोरस नावाचा सम्राट तिथल्या गादीवर आला, आणि अरब इतिहासकार सांगतात की तो जबलाच्याच वंशातला होता. दादा म्हणाला, "म्हणजे मुंझिरला सिसिलीला पाठवलं त्याच गादीवर?" मी म्हटलं हो, त्याच गादीवर. खाली गावात जेवणाला थांबलो तेव्हा त्याने हे सगळं आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत ड्रायव्हरकाकांना परत सांगितलं आणि काकांनी हॉटेलवाल्याला.